'ड' जीवनसत्त्वाची कमतरता

आमच्या घरी सलग दहा दिवस मेथी, पालक, कोबी आणि वांगी एवढ्यावरच भागलं, त्याला कारण माझा नवा कीबोर्ड.

हा कीबोर्ड दोन तुकड्यांत येतो. एक डाव्या हाताशी, एक उजव्या, आणि मधे चहाचा कप ठेवायला जागा. कळा मोजून ४२. साध्या कीबोर्डला १०४ असतात, म्हणजे ६२ कळा न दिल्याबद्दल मी वर जास्तीचे पैसे मोजले. आकडे, कंस वगैरे मंडळी तळघरात राहतात. अंगठ्याखालची कळ दाबून धरली की वर येतात. मनगटाला आराम पडतो, असं बायकोला सांगितलं. किंमत सांगितली नाही.

इंग्रजी आठवड्यात जमलं. मराठीला मी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी वापरतो. स्वर डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे, १९९१ पासूनचं सरकारी प्रमाण. माझा संगणक ज्यावर चालतो त्या लिनक्स प्रणालीत मराठी जोडली, ऑल्ट-शिफ्टवर भाषा बदलायची सोय केली आणि 'गाडी' लिहायला घेतलं. 'गा' झाला. 'ड' मात्र 'ज'च्या शेजारी, चौकटी कंसाच्या कळीवर. आणि ती कळ गेलेली तळघरात! तिथे नेमकी कुठे, हे दर वेळी नव्याने शोधायचं. 'ढ' हवा असेल तर वर शिफ्टही दाबायची, म्हणजे तंबोरा लावल्यासारखी बोटं.

अशात रविवारी बायको स्वयंपाकघरातून भाजीची यादी सांगते आणि मी ती टाइप करून भाजीवाल्या मावशींना व्हॉट्सॲपवर पाठवतो.

"भेंडी."

"नको, चिकट होते."

"दोडका?"

"परवाच खाल्ला की."

"तोंडली? पडवळ?"

"कोबी घेऊ ना, छान मिळतो सध्या."

मराठी माणसाची निम्मी भाजी 'ड'वर उभी आहे, हे मला तेव्हा कळलं.

दुसरं दुखणं ऑल्ट-शिफ्टचं. दोन्ही कळा अंगठ्याजवळ आल्याने भाषा न सांगता बदलायची. टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला लेखी हुकूम (कमांड) सोडायच्या खिडकीत, फाइलींची यादी पाहायला एल-एस मारावं, तर पडद्यावर 'ते' उमटायचं. पी-एस ही दुसरी कमांड मारली की 'जे'. व्ही-आय मारलं तर चक्क 'नग'! त्यावर टर्मिनलचं कोरडं उत्तर: 'नग' अशी कमांड सापडली नाही. सापडला होता, समोरच बसला होता.

जुन्या वहीत कीबोर्डची मांडणी बदलायची एक रामबाण कमांड लिहून ठेवली होती, सेट-एक्स-के-बी-मॅप. (मोठ्याने म्हटली तर घरातले 'सत्य आहे' म्हणतात.) ती चालवली. उत्तर आलं, की बाबा, तू आता वेलँड या लिनक्सच्या नव्या पडदा-व्यवस्थेत राहतोस, हा जुन्या घराचा पत्ता आहे. मग सेटिंग्ज उघडून भाषाबदल विंडोज-स्पेसवर नेला, तेव्हा 'नग' थांबला. 'ड' तसाच.

रात्री दीड वाजता डोक्यात प्रकाश पडला. कीबोर्डला मराठी येतच नाही. इंग्रजीही येत नाही. तो फक्त कुठली कळ दाबली त्याचा क्रमांक पाठवतो. त्याचा 'ड' करायचा की कंस, हे लिनक्स ठरवतं. म्हणजे दहा दिवस मी चुकीच्या माणसाशी भांडत होतो. सेफ्टी पिन घेतली, कीबोर्डच्या पोटातलं बारीक बटण टोचलं, आतला नकाशा बदलला आणि कंसाची कळ उजव्या अंगठ्याखाली आणून बसवली. तिथे आधी एंटर होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी साहेबांना 'ठीक आहेड' असा निरोप गेला, पण ते चालायचंच.

रविवारी बायको म्हणाली, "सरक, आज मी लिहिते."

तिने भेंडी, दोडका, तोंडली, पडवळ असं सगळं वसूल केलं. यादीच्या तळाशी एकटाच 'ढ' दिसला.

"हे काय, ढेमसं का?"

"नाही," ती म्हणाली, "तुझी सही."