एचएचटी: पोर्टल फेजचा सीटी पुरेसा नाही

एचएचटी (धमन्या आणि शिरा चुकीच्या जोडल्या जाण्याचा आनुवंशिक आजार) या विषयावरच्या एका लेखात यकृताच्या तपासणीसाठी रुग्णाला ‘कॉन्ट्रास्ट सीटी करून घ्या’ एवढंच म्हटलंय. नेमका कुठला फेज, म्हणजे कॉन्ट्रास्ट टोचल्यावर कितव्या क्षणी स्कॅन घ्यायचा, ते सांगायला हवं होतं. नेहमीचा पोटाचा सीटी ७० सेकंदांच्या आसपास, म्हणजे पोर्टल फेजला घेतात. तोवर हेपॅटिक व्हेन्स (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) एरवीही भरतातच, मग शंट (धमनीतून थेट शिरेत जाणारा आडमार्ग) दिसणार कसा? आर्टिरियल फेज (धमन्या भरतात तो क्षण) हवाच, तोही बोलस ट्रॅकिंग लावून (कॉन्ट्रास्ट धमनीत पोहोचल्याचं पाहून स्कॅन सुरू करून), कारण या रुग्णांचं रक्ताभिसरण वेगवान असतं आणि ठरीव सेकंद चुकतात. त्या फेजला हेपॅटिक व्हेन उजळली तर हृदयावर ताण, पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृतात येणारी शीर) उजळली तर पोर्टल हायपरटेन्शन (त्या शिरेतला वाढलेला दाब), असा विचार सुरू करायचा. पहिल्या प्रकारात इको (हृदयाची सोनोग्राफी) करायलाच हवा.

खरं तर सुरुवात डॉपलरनेच (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीनेच) करावी. उपाशीपोटी, ध्वनिलहरींचा रक्तप्रवाहाशी अँगल ६० अंशांच्या आत. कॉमन हेपॅटिक आर्टरी (यकृताकडे जाणारी धमनी) साधारण ४-५ मिमी असते. ७ मिमीच्या वर गेली आणि यकृतात वेड्यावाकड्या फुगलेल्या धमन्या दिसल्या की संशय पक्का. (सिरॉसिसमध्येही ती रुंदावते, तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नये.)

रिक्वेस्ट फॉर्मवर ‘एचएचटी’ हे लिहाच. नाहीतर गाठाळ यकृत म्हणून सिरॉसिस आणि एफएनएचची (यकृतातली निरुपद्रवी) गाठ म्हणून कॅन्सरची शंका रिपोर्टात येते, आणि पुढची पायरी बायोप्सी. ती इथे टाळायची असते, रक्तस्राव आवरणं कठीण जाऊ शकतं.

आणखी एक, सहसा राहून जाणारं: फुफ्फुसात एव्हीएम (धमनी आणि शिरेची थेट जोडणी) असेल तर कॉन्ट्रास्टच्या आयव्ही लाइनमधला हवेचा बुडबुडा थेट मेंदूत जाऊ शकतो. लाइन नीट तपासूनच जोडावी.