मेरिटवाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस एकच मेसेज फिरतोय. कामावर सगळ्या समाजाची माणसं, बाया, अपंग असे सगळे असावेत हे म्हणे एचआरचं फॅड, कुठल्याच शास्त्राचा आधार नाही, मार्केट आपोआप लायक माणूस उचलतं, मिक्स टीममध्ये नुसती भांडणं, आणि शेवटी "मशीनला बाई-पुरुष कळत नाही". रबाळे एमआयडीसीत अकरा वर्षं भरती केलीये मी, गप्प बसवेना.

मार्केटचं आधी. मुद्दा खराच इकॉनॉमिक्समधला आहे, गॅरी बेकरने 1957 मध्ये मांडला, की भेदभाव करणारा मालक स्वतःचंच नुकसान करतो आणि स्पर्धेत मागे पडतो. पण गिऱ्हाईकालाच किंवा सोबतच्या कामगारालाच 'ती' माणसं नको असतील तर मालकाला भेदभाव परवडतो, हेही बेकरचंच. ते फॉरवर्डमध्ये गळालंय.

आणि "आपोआप उचलतं" म्हणजे कसं हो? जागा निघाली की सुपरवायझर येतो, मॅडम आमच्या गावचा पोरगा आहे, उद्या पाठवू का. झाली भरती. एका लाइनवर 18 पैकी 14 जण एकाच तालुक्यातले होते, वाईट नव्हते कामाला, पण ज्यांच्या आजोबांच्या जमिनी या पट्ट्यात गेल्या त्या घणसोली-रबाळ्याच्या पोरांना जागा निघाल्याचं कळायचं ती भरल्यावर. समाजशास्त्रात हे जुनं आहे, मार्क ग्रॅनोव्हेटरने सत्तरच्या दशकात बोस्टनजवळच्या नोकरदारांना विचारलं तर निम्म्याहून जास्त लोकांना नोकरी ओळखीतून लागलेली. बरं, पेपरात जाहिरात दिली तरी काय, सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज फक्त नाव बदलून आपल्याकडच्या खासगी कंपन्यांना पाठवले, 2007 मध्ये ते छापून आलं, दलित आणि मुस्लिम नावांना कॉल कमी. अर्ज तोच होता, मेरिट कुठे गेलं मग?

भांडणांचा मुद्दा अर्धा खरा. सुरुवातीला खटके उडतात, मी स्वतः मिटवलेत. "डायव्हर्सिटी आली की नफा वाढतो" हे कन्सल्टंट लोकांचे चार्टही कच्चे, मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीचा तो निष्कर्ष अकाउंटिंगच्या दोन प्रोफेसरांनी एस अँड पी 500 म्हणजे अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांवर तपासला, 2024 मध्ये छापला, संबंध सापडला नाही. मान्य. पण 1976 च्या समान वेतन कायद्याने भरतीतला बाई-पुरुष भेदभाव बंद केला तेव्हा नफ्याची अट कुठे घातली होती?

राहिलं मशीन. मशीनला सगळं कळतं, कारण ती कोणाच्या तरी मापाने बनते. अमेरिकन हवाई दलाने 1950 च्या सुमाराला कॉकपिटच्या मापासाठी 4063 पायलट मोजले, सगळे पुरुष, दहाही मापांत सरासरीत बसणारा एकही निघाला नाही. आमच्याकडे पहिल्या सहा पोरी पॅकिंगला आल्या तेव्हा स्टोअरमध्ये सेफ्टी शूज सात नंबरपासून पुढे. पोरी दोन-दोन मोजे घालून चालायच्या, एक पॅलेटला अडखळून पडली, लगेच सुपरवायझर म्हणाला बघा मॅडम, बायकांना जमत नाही हे काम. मी पाच नंबर मागवायला लावले. जोडीमागे पैसे तेवढेच लागले, आणि गंमत म्हणजे पहिला जोड नेला तो आमच्या बुटक्या फोर्कलिफ्टवाल्याने, तीन वर्षं तोही पुढे कापूस कोंबून चालत होता.