कापूर, पुदिना आणि पाणी प्यायला बाहेर जाणारा उंदीर

पावसाळा लागला की 'उंदीर कायमचे पळवा' हा फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर हमखास येतो. कोपऱ्यात कापूर-पुदिना ठेवा, आवाजाचं यंत्र लावा, चिचुंद्री विषारी असते म्हणून दिसताच मारा आणि एवढं करूनही भागलं नाही तर विषाची वडी ठेवा. उंदीर पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो. इति फॉरवर्ड.

कापराच्या वासाला उंदीर थोडा बिचकतो, नाही असं नाही. पण कापूर हवेत उडून जातो आणि शेगडीमागे सांडलेलं पीठ जागच्या जागी राहतं. शिवाय रांगत्या मुलाच्या पोटात कापूर गेला तर झटके येऊ शकतात, हे फॉरवर्ड सांगत नाही. यंत्राचं म्हणाल, तर त्याचा आवाज भिंत, कपाट पार करत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना पुराव्याशिवाय असे दावे करू नका, अशी ताकीद दिली होती.

चिचुंद्रीवर मात्र सरळसरळ अन्याय आहे. ती उंदराच्या कुळातलीच नाही. लांब, हलतं नाक, बारीक डोळे, भिंतीला घासून पळणं, चिकचिक आवाज आणि तो ओळखीचा दर्प. खाते मुख्यतः झुरळं आणि किडे. पिंजऱ्यात सापडली तर बाहेर सोडा, फक्त हात लावू नका. 'घुशीचं पिल्लू' म्हणून दाखवला जाणारा प्राणीही बहुधा पूर्ण वाढलेला घरउंदीरच असतो. पिल्लाचं डोकं आणि पावलं अंगाच्या मानाने मोठी दिसतात. घरउंदराचे कान मोठे, पावलं नाजूक. लेंड्या पाहिल्या तरी कळतं: घरउंदराच्या जेमतेम जिऱ्याएवढ्या, टोकदार.

आता विष. बाजारातल्या बऱ्याच वड्यांमध्ये ब्रोमॅडिओलोन असतं. त्याने रक्त गोठत नाही, आतल्या आत रक्तस्राव होतो आणि उंदीर काही दिवसांनी मरतो, जिथे असेल तिथे. बऱ्याचदा फॉल्स सीलिंगवर किंवा कपाटामागे. मग आठवडाभर वास कुठून येतोय ते शोधत बसा! घरउंदराचं पाणी बरंचसं अन्नातूनच भागतं, त्यामुळे बाहेर पळण्याची गोष्ट कुणाच्या तरी सोयीची आहे, एवढंच. तो मेलेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात जातं.

अख्ख्या फॉरवर्डमध्ये भोकांचा उल्लेखच नाही. घरउंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते. सिंकखालच्या पाइपाभोवती पेन्सिल घालून बघा. गेली तर तोही येतो. तिथे भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावा. पिंजरा खोलीच्या मध्यावर नको, भिंतीला चिकटून ठेवा, आत सुक्या खोबऱ्याचा तुकडा. आणि लेंड्यांवर कोरडा झाडू फिरवू नका, धूळ नाकात जाते. ब्लीचचं पाणी शिंपडा, पाच मिनिटं थांबा, मग हातमोजे घालून पुसा.