काचबिंदूची नळी आणि ‘आटणारा’ डोळा

मावशीच्या काचबिंदू झालेल्या उजव्या डोळ्यात दाब उतरवणारी नळी बसवण्याची शस्त्रक्रिया आठवड्यावर आली असताना तिच्या फोनवर एक लांबलचक संदेश आला, आणि शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत लक्षात आले की तिने कोणालाही न सांगता औषधाचे थेंब बंद केले होते. थेंब चालू असताना 26 मिलिमीटर पारा असलेला डोळ्यातला दाब त्या दिवशी 38 भरला. “आधीच अधू डोळा आहे रे, त्यात नळी घातली तर उरलासुरला आटून जाईल,” हे तिचे शब्द, म्हणजे खरे तर त्या संदेशाचेच.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: बिघडलेल्या डोळ्यात नळी कधीच बसवू नये, नळीतून पाणी वाहून जाते आणि डोळा सुकून खोल जातो, परकी वस्तू शरीर बाहेर टाकते, नळी असली की एमआरआय करता येत नाही, म्हणून औषधे थांबवून तीन महिने मधाचे थेंब घालावेत. खाली ‘हजारो रुग्णांचा अनुभव’ आहेच. त्यातल्या एकाचा तरी दाब आधी किती होता आणि नंतर किती झाला, हे मात्र कुठेही लिहिलेले नाही.

पहिलाच मुद्दा उलटा आहे, कारण नळीचा उपयोग मुख्यतः बिघडलेल्या डोळ्यांतच होत आला आहे. डोळ्याच्या पुढच्या भागात मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर द्रव तयार होतो आणि आयरिस (डोळ्याचा रंगीत पडदा) व कॉर्निया (त्यापुढचा पारदर्शक पडदा) यांच्या कोनातून तो बाहेर पडतो. मावशीला लहानपणी चेंडू लागून आयरिस फाटला, पुढे त्याच डोळ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि हा कोन बराचसा चिकटून बंद झाला. अशा वेळी नेहमीची ट्रॅबेक्युलेक्टोमी करून द्रवाला डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखाली नवी वाट काढून देता येते. पण त्या आवरणात जुन्या जखमांचे वण असतील, तर ती वाट पुन्हा वण धरून बुजण्याचा धोका मोठा असतो. नळी द्रवाला या वणांच्या पलीकडे, डोळ्याच्या मागच्या बाजूला शिवलेल्या तबकडीपर्यंत नेते. तबकडीभोवती शरीर स्वतःच एक पातळ पिशवी तयार करते आणि तिच्या भिंतीतून द्रव हळूहळू झिरपून आजूबाजूच्या ऊतींत शोषला जातो. नेत्रशल्यविशारद मोल्टेनो यांनी 1969 साली ही कल्पना मांडली, आणि तेव्हापासून जिथे दुसरी शस्त्रक्रिया टिकत नाही तिथे तिचा आधार घेतला जातो.

आता ‘आटण्या’विषयी, कारण मावशी घाबरली ती याच शब्दाला. नळीतून जाणारा द्रव म्हणजे डोळ्यातले सगळे पाणी नव्हे. पुढच्या भागातला हा द्रव जेमतेम पाव मिलिलिटर असतो आणि साधारण दीड-दोन तासांत तो पूर्ण बदललेला असतो. डोळ्याचा बहुतांश भाग मागच्या जेलीसारख्या पदार्थाने भरलेला असतो आणि नळी तो उपसत नाही. तरीही यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. पिशवी तयार होण्याआधी द्रव मोकळा वाहिला, तर दाब फार खाली जातो आणि डोळ्याला इजा होऊ शकते. क्वचित हा दाब पुढेही खालीच राहतो. मात्र ही अडचण संदेश लिहिणाऱ्याने शोधून काढलेली नाही. अहमद व्हॉल्व्ह या नळीच्या प्रकारातली झडप साधारण 8 ते 12 च्या दाबाला उघडते; झडप नसलेल्या बायरवेल्ट नळीला विरघळणाऱ्या धाग्याने आवळून ठेवतात आणि पिशवी तयार झाल्यावर, काही आठवड्यांनी, तो धागा सुटतो. मावशीच्या डॉक्टरांनी नखापेक्षा थोडी मोठी, वाकणारी तबकडी तिच्या तळहातावर ठेवून त्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या नळीवर धागा कुठे बसतो ते दाखवले होते. संदेशात त्या धाग्याचा उल्लेखही नाही.

आकडेच हवे असतील तर ‘ट्यूब व्हर्सेस ट्रॅबेक्युलेक्टोमी’ हा अभ्यास पाहावा. आधी मोतीबिंदूची किंवा काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या 212 डोळ्यांत पाच वर्षांनी नळी अपयशी ठरली 29.8 टक्के रुग्णांत, ट्रॅबेक्युलेक्टोमी 46.9 टक्क्यांत, गंभीर गुंतागुंत दोन्हीकडे जवळपास सारखी, 22 आणि 20 टक्के. मावशीइतके बिघडलेले अनेक डोळे या अभ्यासात घेतलेले नव्हते, कारण तुलनेसाठी दोन्ही शस्त्रक्रिया शक्य असणे आवश्यक होते. तिच्यासारख्या डोळ्यात मुळात तितका पर्यायच उरलेला नसतो.

‘शरीर बाहेर टाकते’ हे खरे नाही. सिलिकॉन शरीर सहसा सहन करते. नळीवरचे आवरण झिजून ती उघडी पडू शकते, त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, कॉर्नियावरही परिणाम होऊ शकतो. म्हणूनच नळीवर दात्याच्या ऊतीचा तुकडा शिवतात आणि डोळा लाल झाला, दुखू लागला की त्याच दिवशी यायला सांगतात. एमआरआयची भीती तर बहुतेकदा निराधार, कारण या नळ्या आणि तबकड्या प्लॅस्टिक-सिलिकॉनच्या असतात. धातूची काही वेगळी उपकरणे असतात, त्यामुळे कोणते बसवले आहे ते तपासणीआधी सांगावे, एवढेच.

मधाविषयी लिहिताना मात्र संयम राखणे कठीण जाते. निर्जंतुक नसलेला पदार्थ, दोनदा शस्त्रक्रिया झालेला डोळा, आणि वर ज्या औषधांनी दाब थोडाफार धरून ठेवला होता तीच थांबवायची! दाबाने डोळ्याची नस एकदा सुकली की ती परत येत नाही. नळीही गेलेली नजर परत आणत नाही, फक्त उरलेली राखण्याचा प्रयत्न करते; पण ते तीन महिने त्या नसेने कशाच्या भरवशावर काढायचे, हे संदेशाने सांगितलेले नाही.

थेंब पुन्हा सुरू झाले आहेत, शस्त्रक्रियेची नवी तारीखही मिळाली आहे. काल मावशीने विचारले, “तो धागा सुटेल तेव्हा मला कळेल का?” डॉक्टरांनी सांगितले की बहुधा दुखणार नाही, पण दाब एकदम उतरून नजर काही दिवस धूसर होऊ शकते, म्हणून त्या आठवड्यांतल्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. तिने त्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून घेतल्या आहेत.