रोबोट, किडनी आणि मोठी शीर: काकांना उत्तर

काका, तुमची कमेंट दोनदा वाचली. साडूंच्या किडनीचा कॅन्सर मोठ्या शिरेत शिरलाय, गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी रोबोटिक ऑपरेशन सुचवलंय, आणि तुमचं म्हणणं की असल्या केसला पोट उघडूनच करायला पाहिजे, रोबोटने शीर फाडली तर काय, आणि मी मात्र जाहिरात करतेय. जाहिरात नाही हो. मी बारा वर्षं ओटीत स्क्रब सिस्टर, म्हणजे सर्जनच्या हातात हत्यारं देणारी नर्स होते, ही शीर उघडताना टेबलाशी उभी राहिलेय.

तुम्ही निफाडचे, म्हणून पाटपाण्याच्या भाषेत सांगते. किडनीतून निघणारी शीर म्हणजे चारी आणि तिचं रक्त घेऊन वर हृदयाकडे जाणारी इन्फिरिअर व्हेना कावा म्हणजे मोठा पाट. काही पेशंटमध्ये गाठ वाढत वाढत चारीतून पाटात शिरते, तिला सगळे गुठळी म्हणतात पण ती नुसती रक्ताची नसते, कॅन्सरच असतो तो. आणि गोदावरीत पाणवेलीचा पुंजका सुटून वाहत जातो ना, तसा तिचा तुकडा सुटला तर थेट फुप्फुसात जाऊन अडकतो, माणूस टेबलवरच जाऊ शकतो. त्यामुळे तुमची भीती अगदी खरी आहे.

पण रोबोट स्वतःहून काहीच कापत नाही. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलावर बसतात, त्यांची बोटं हलतील तसंच आतलं हत्यार हलतं, हाताची थरथर तेवढी गाळली जाते. आधी किडनीची धमनी बंद करतात, मग गुठळीच्या खाली, वर आणि दुसऱ्या किडनीच्या शिरेभोवती रबरी लूप टाकून आवळतात, आणि त्या क्षणापासून ओटीत कोणी जास्तीचा शब्द बोलत नाही. शीर उघडायची, गुठळी अख्खी काढून पिशवीत टाकायची, प्रोलिनच्या धाग्याने शीर शिवायची. तेवढा वेळ ओपनचं सगळं सामान माझ्या ट्रॉलीवर मांडून तयार, कारण रक्त सुटलं तर मिनिटं मोजायला वेळ नसतो.

आणि हे कालपरवाचं खूळ नाही. डा विंची या ऑपरेशनच्या रोबोटला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली आणि कावातल्या गुठळीच्या रोबोटिक केसेसची अमेरिकन सर्जन रॉनी अबाझांची पहिली मालिका छापून आली २०११ साली, म्हणजे लोक घाईने उड्या मारत नव्हते.

तुमचं एक मात्र शंभर टक्के बरोबर, सगळ्यांना रोबोट नाहीच चालत. गुठळी यकृताच्या खालीच थांबली असेल तर अनुभवी हातात जमतं, पण ती हृदयापर्यंत पोचली असेल तर बहुतेक वेळा छाती उघडून, हार्टची टीम सोबत घेऊनच करतात. खर्चही जास्त येतो, दोन्हीचे आकडे लिहूनच मागा.

डॉक्टरांना रोबोट कुठल्या कंपनीचा ते विचारू नका, गुठळी नेमकी कुठपर्यंत आहे, अशा किती केसेस स्वतः केल्यात आणि ओपन करायची वेळ आली तर व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सर्जन कोण उभे राहणार हे विचारा. आणि आज घरी गेलात की साडूंच्या एमआरआयची तारीख बघा, कारण गुठळी वाढत असते. महिन्याभरापूर्वीचा असेल तर ऑपरेशनआधी नवीन करून घ्यायचा का हे उद्याच विचारा, आणि मला कळवा काका.