तेराव्याला मोदक

सोसायटीच्या बोर्डावर परवा पुन्हा तेच. 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि फॉन्ट कोणता? मोदक! मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा, गुबगुबीत, पोट सुटलेला. 'भा' असा की लोडाला टेकून बसलाय. तेराव्याला गोडाचं जेवण असतं हे मान्य, पण म्हणून गेलेल्या माणसाचं नावही उकडून काढायचं?

फॉन्टवर राग नाही हो माझा. हाताने काढलेल्या अक्षरांवरून बेतलेला, जाडजूड आकार आणि मधून पांढऱ्या रेघेएवढी फट. देवनागरीत एवढं वजन पेलणं सोपं नाही. बालनाट्याचं पोस्टर, खाऊच्या पाकिटावरचं नाव, असं दोन-तीन शब्दांचं काम द्या, मोठ्या आकारात द्या, बघा कसा खुलतो. पण आमचे सेक्रेटरी त्यात पाण्याच्या वेळा छापतात. १२ पॉइंटात! त्या पांढऱ्या फटीतच अक्षराचा जीव. ती बुजली की 'ष्ट' काय नि 'ष्ठ' काय, सगळा शाईचा गोळा. वर ठळक दिसावं म्हणून बोल्ड करतात. मोदकाला बोल्ड!

बोललं की उत्तर तयार : "गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे ना!" अहो, मुक्तासुद्धा फुकटच आहे. त्याच लोकांची, बारीकपासून जाडपर्यंत ७ वजनांत, सरळ वाचता येणारी. पण नाही. साहेबांना 'जरा मजेशीर' हवं असतं. थकबाकीदारांची यादीसुद्धा मजेशीर!

काल जिन्यात नवा कागद लागलाय. लिफ्ट बंद आहे की चालू झाली, कुणीतरी वाचून सांगा. मी चौथ्या मजल्यावर राहतो.