रत्नागिरी केंद्राचे श्रोते भांडुपला राहतात

मुंबईत रेडिओचा विषय काढला की दोनच वाक्यं कानावर येतात. ‘आमच्या वेळी काय कार्यक्रम असायचे!’ आणि ‘आता रेडिओ ऐकतंय कोण?’ पहिल्या वाक्यात मला फारसा रस नाही. दुसऱ्याला मात्र उत्तर द्यायचंय.

माझे सासरे ऐकतात. मूळचे राजापूर तालुक्यातले, उभा जन्म भांडुपला गेला. सकाळी चहाबरोबर त्यांच्या फोनवर आकाशवाणी रत्नागिरी लागतं. भजन, जिल्ह्याच्या बातम्या, हवामान, आणि मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असा इशारा असला तर तोही. सासऱ्यांकडे होडी नाही, कधी नव्हतीच. पण तो इशारा ऐकून ते गावाला फोन लावतात आणि कौलांवर प्लास्टिक टाकलं का विचारतात. भांडुप, लालबाग, विरार, डोंबिवली या पट्ट्यात असे किती चाकरमानी असतील, तुम्हीच अंदाज बांधा.

आता तांत्रिक बाजू. रत्नागिरी केंद्र मीडियम वेव्हवर, म्हणजे एफएमच्या आधीच्या जुन्या रेडिओ लहरींवर, ११४३ किलोहर्ट्झला आहे. दिवसाढवळ्या भांडुपच्या सिमेंटच्या खोलीत ते लागायची आशाच नको. अहो, रत्नागिरी सोडा, मुंबईची स्वतःची अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्झ, ट्रान्समीटर इथेच मालाडला, तीही कित्येक घरांत खरखरते. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांतून निघणारा विद्युत गोंगाट नेमका मीडियम वेव्हच्या मुळावर येतो. फोनमध्ये तर मीडियम वेव्ह नसतेच. एफएमची सोय बऱ्याच फोनांतून काढून टाकली किंवा बंद ठेवली गेली. ती चालू ठेवा असं केंद्र सरकारला २०२३ मध्ये मोबाइल कंपन्यांना लेखी सांगावं लागलं. म्हणजे मुंबईकराला जिल्ह्याचं केंद्र ऐकायचं असेल तर इंटरनेटशिवाय दुसरी वाट नाही.

ती वाट प्रसार भारतीने, म्हणजे आकाशवाणी चालवणाऱ्या सरकारी संस्थेने, करून दिलीय, याचं श्रेय द्यायलाच हवं. न्यूज ऑन एअर ॲपवर आकाशवाणीच्या दोनशेहून जास्त वाहिन्या थेट ऐकता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचं दुसरं ॲप आलं, रेडिओ त्यातही आहे. खर्च म्हणाल तर नगण्य. ६४ केबीपीएसचा प्रवाह तासाला साधारण २९ एमबी डेटा खातो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये दिवसरात्र रेडिओ लावून ठेवला तरी निम्मा डेटा शिल्लक राहतो. नातवाच्या दहा रील्स जास्त महाग पडत असतील!

मग तक्रार कशाबद्दल? तक्रार अशी की हे सगळं ज्यांच्या हातात आहे त्यांना आपला श्रोता कोण हे अजून उमगलेलं दिसत नाही. इंटरनेट म्हटलं की सरकारी पत्रकात देशांची संख्या येते: ८५हून जास्त देशांत, ८,००० शहरांत ऐकलं जातं वगैरे. छान आहे. पण परभणी केंद्राचा खरा ‘परदेशस्थ’ श्रोता टोरांटोला कशाला शोधायचा? तो पुण्याच्या चाकणला कारखान्यात आहे, नाहीतर ठाण्यात रिक्षा चालवतोय. सांगली-साताऱ्याचा श्रोता नवी मुंबईच्या बाजार समितीत माथाडी आहे. अख्ख्या महाराष्ट्रातल्या जिल्हा केंद्रांची सगळ्यात मोठी श्रोतृसभा मुंबई-ठाणे-पुण्यात बसलीय. हे मी हवेत बोलत नाही. २०२१ च्या सुमारास प्रसार भारती न्यूज ऑन एअर ॲपच्या श्रोत्यांची शहरवार क्रमवारी काढत असे, त्यात पुणं बहुतेक वेळा अव्वल असायचं. पुण्यातले हे सगळे मूळचे पेठांतले नसणार, एवढं तर मान्य कराल ना?

ट्रान्समीटरला कधीच कळत नाही की पलीकडे कोण ऐकतंय. सर्व्हरला कळतं. कुठल्या केंद्राला कुठल्या शहरातून, किती वाजता, किती वेळ ऐकतात, हे सरकारी रेडिओला इतक्या बारकाईने पहिल्यांदाच कळू लागलंय. ती माहिती दिल्लीत पडून न राहता रत्नागिरीच्या, परभणीच्या कार्यक्रम अधिकाऱ्याच्या टेबलावर गेली पाहिजे. उद्या त्याला कळलं की आपला सकाळचा निम्मा श्रोतृवर्ग मुंबईत आहे, तर तो गणपतीच्या आधी घाटातल्या रस्त्यांची हालत सांगेल, कोकण रेल्वेच्या जादा गाड्यांचं सांगेल, सातबारा आणि वारसनोंदीवर तलाठ्याला बोलवून तासभर श्रोत्यांचे फोन घेईल. (हा कार्यक्रम झाला तर आमच्या बिल्डिंगचे निम्मे लोक त्या दिवशी रजा टाकतील.)

खरी गोम सहक्षेपणात आहे, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम जसाच्या तसा आपल्या केंद्रावरून ऐकवण्यात. केंद्र इंटरनेटवर आहे, पण केंद्रावर काय आहे? कित्येक जिल्हा केंद्रांवर दिवसाचा मोठा भाग दुसरीकडचाच असतो. विविध भारती, दिल्लीच्या बातम्या, राज्यभर एकच असलेला एखादा कार्यक्रम. ट्रान्समीटरच्या काळात याला काही अर्थ होता. परभणीच्या माणसाला विविध भारती ऐकायची तर ती परभणीच्याच ट्रान्समीटरवरून यायला हवी होती. ॲपवर विविध भारतीचं वेगळं बटण असताना तेच सहा बटणांवर कशाला? इंटरनेटवर जिल्हा केंद्राची किंमत फक्त त्या तासांची, जे तिथेच तयार होतात. ते तास करणारी माणसं कोण? बरेचसे नैमित्तिक उद्घोषक. ड्युटी मिळाली तर मानधन, नाही मिळाली तर घरी. त्यांच्या ड्युट्या कापून ॲपचा रंग बदलला तर त्या ॲपवर आम्ही काय ऐकायचं?

ब्रिटनमध्ये हे घडून गेलंय. बीबीसीची इंग्लंडमध्ये ३९ स्थानिक केंद्रं, लोकांच्या लायसन्स फीवर चालणारी. इंटरनेटवर ती उत्तम ऐकू येतात. आणि २०२३ पासून आठवड्याच्या कामाच्या दिवसांत दुपारी दोननंतर बहुतेक केंद्रांना आपला स्वतंत्र कार्यक्रम राहिला नाही, शेजारच्या केंद्रांशी वाटून घ्यावा लागतो. कारण सांगितलं गेलं की पैसा ऑनलाइन स्थानिक बातम्यांकडे वळवायचाय. पत्रकारांनी संप केले. म्हणजे स्थानिक रेडिओ इंटरनेटवर पोचला आणि तेवढ्यात ‘स्थानिक’ आखडला. आपल्याकडे तर पर्यायही नाही, कारण खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभाच नाही. द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा. जिल्ह्याच्या बातम्या रेडिओवर हव्या असतील तर त्या आकाशवाणीनेच द्यायच्या. पैसा आपल्याच करांचा आहे. आधीच्या पिढीने तर पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरलंय.

लगेच कुणीतरी म्हणेल, मग ट्रान्समीटरच बंद करा, वीज तरी वाचेल. शंभर किलोवॅटचा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर तासाला शंभराहून जास्त युनिटं खातो, हे खरं. पण तो एकाने ऐकला काय आणि दहा लाखांनी ऐकला काय, खर्च तोच. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो, श्रोते वाढले की बिल वाढतं. आणि पैशापलीकडचं कारण: २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, फोन गप्प, लोक गाड्यांत आणि ऑफिसांत अडकलेले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं तेव्हा खांब आडवे झाले, टॉवर बंद पडले, कित्येक गावं पुढे बरेच दिवस अंधारात होती. त्या दिवसांत तिथल्या माणसाला ॲपचा काय उपयोग? त्याला सेलवरचा रेडिओच हवा. आणि त्याच वेळी मुंबईतल्या त्याच्या मुलाला, ज्याचा फोन गावाला लागत नाहीये, त्याच केंद्राचा इंटरनेटवरचा आवाज हवा. एकाच स्टुडिओतून दोन्हीकडे आवाज जातो, म्हणून दोन्ही ठेवा. एक दाखवून दुसरं काढून घेऊ नका.

गाण्यांच्या हक्कांचा मुद्दाही येतो. ठरलेले पैसे भरून मालकाच्या संमतीशिवाय गाणी वाजवायचा, रेडिओला कायद्याने मिळणारा सक्तीचा परवाना इंटरनेटवरच्या सेवांना लागू नाही, असं आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका संगीत कंपनीच्या दाव्यात म्हटलंय. म्हणजे ‘आपली आवड’सारखा गाण्यांचा कार्यक्रम जसाच्या तसा साठवून पुन्हा ऐकवायला अडचणी येणार, कबूल. पण कृषी अधिकाऱ्याच्या मुलाखतीत कुठलं गाणं आहे? जिल्ह्याच्या बातमीपत्रात, डॉक्टरांशी गप्पांत, भजनी मंडळाच्या केंद्रावरच केलेल्या ध्वनिमुद्रणात ही अडचण नाही, किंवा कलाकाराशी करार करून सुटण्यासारखी आहे. चाकरमानी सकाळी सातला लोकलच्या दारात लटकलेला असतो. त्याला तो कार्यक्रम रात्री जेवताना ऐकता आला पाहिजे. आठवडाभर तरी ठेवा.

आणि वेळापत्रक, कृपा करून वेळापत्रक! ॲपच्या पानावर त्या त्या केंद्राच्या नावाखाली आज काय, किती वाजता, आणि त्यातलं स्वतःचं किती व सहक्षेपण किती, एवढं मराठीत लिहा. याला सर्व्हर लागत नाही, सल्लागार लागत नाही. केंद्रात तो तक्ता रोज तयार होतोच, त्याशिवाय उद्घोषक माइकसमोर बसूच शकत नाही. तोच टाइप करून चढवायचाय. तुमच्या जिल्ह्याच्या केंद्रावर सध्या स्थानिक किती ऐकू येतं, ते खाली लिहा. जिल्ह्याचं नाव आणि वेळ दोन्ही द्या, म्हणजे प्रसार भारतीला पत्र पाठवताना नुसता संताप न पाठवता यादी जोडता येईल.